अर्धी वीट

इस्त्री सात किलोची, पितळी. वजन मला पाठ आहे,
कारण सहावीत ती एकदा माझ्या हातून सुटली
आणि प्रभात रोडच्या त्या गल्लीत
शहाबादी फरशीचा टवका उडाला.
फरशी वकिलांची. टवका आमचा.

गॅरेजला लागून पत्र्याखाली वडिलांचं टेबल,
टेबलावर घोंगडी, घोंगडीवर चादर,
चादरीवर अख्ख्या गल्लीची अब्रू.
ते बोट जिभेला लावून तळाला टेकवायचे.
चर्र झालं की सुती साडी घ्यायची,
नुसतीच ओल राहिली तर थांबायचं.
मग दारात उभे राहून इस्त्रीला झोके देत,
तान्ह्या पोराला द्यावेत तसे,
आणि भोकांतून निखारे डोळे उघडत.

परीटघडी. बाईंनी वाक्यात उपयोग करायला दिला तेव्हा
वर्ग माझ्याकडे बघत होता.
मी लिहिलं : पाहुणे परीटघडीचे कपडे घालून आले.
पाहुणे म्हटलं की प्रश्न मिटतो.

आता बावधन, अकरावा मजला.
केतकीनं माळ्यावरच्या पोत्यातून ती काढली,
चिंच-मिठानं घासली, पोटात माती भरली,
मातीत ती जाड पानांची रोपं
ज्यांना पाणी लागत नाही, माणूस लागत नाही.
दाराजवळच्या सागवानी कन्सोलवर ठेवून
वरून पिवळा दिवा सोडला.
"आई, जुन्या बाजारात अशीच साडेचार हजारांना सांगतात."
सदऱ्याला पंचवीस पैसे, मी मनात भागाकार केला.
अठरा हजार सदरे.

समोरच्या कर्णिकबाई म्हणाल्या, "अय्या, अँटिक! कुठून आणलीत?"
"घरचीच आहे."
पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं.
टेकवून पाहिलं. नुसतीच ओल.

रविवारी वडील आले. वय एक्याऐंशी,
लिफ्टमध्ये कानाला दडे बसतात.
चपला काढता काढता इस्त्री दिसली.
मी श्वास धरून,
केतकी मोबाइल धरून, आजोबांचे डोळे भरतील म्हणून.
त्यांनी मूठ हलवली. "सैल झालीय."
कोंबड्याची कळ उघडली, मिटली.
पानं चिमटीत धरून पाहिली.
"राख घालत जा हिला."
"राख? ऑनलाइन मिळते?" केतकीनं विचारलं
आणि मोबाइल खाली केला.

मग एका हातात इस्त्री तोलून
दुसऱ्या हाताचा तळवा कन्सोलवरून फिरवला,
पोराचा ताप बघावा तसा.
इस्त्री खाली फरशीवर ठेवली,
काही न बोलता पुन्हा चपला घातल्या.

शेजारच्या प्लॉटवर तेविसाव्या मजल्याचं काम चाललंय.
तिथल्या वॉचमनशी काय बोलले देव जाणे.
वीस मिनिटांनी अर्धी वीट घेऊन आले,
खालच्या नळावर धुतलेली, अजून ठिबकणारी.
सदऱ्याच्या टोकानं पुसली.
विटेवर इस्त्री.
"लाकडावर टेकवायची नसते. डाग पडतो."

चौऱ्याण्णव सालापासून तिच्यात कोळसा नाही.
केतकी तोंड उघडणार होती,
मी तिच्या पायावर पाय दिला.

जेवले. मठ्ठा दोनदा घेतला. जाताना
ओढणीची माझी कशीतरी केलेली घडी
उलगडून पुन्हा घातली, बोलता बोलता,
बोलणं भलत्याच विषयावर, बहुतेक पाणीपट्टीवर.

सोमवारी कर्णिकबाई दुधाची पिशवी घ्यायला दारात आल्या.
"ही वीट का हो मध्येच?"
"माझे वडील परीट," मी म्हणाले.
"गरम इस्त्रीखाली ठेवतात."
"अच्छा," म्हणाल्या. क्षणभर थांबल्या.
मग हात पुढे करून
लांबूनच, एका बोटानं,
ती थंड आहे ना बघितलं.